खोडावरची गाठ : रोग की वयाची खूण?

६ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला, तेव्हा स्फोटकेंद्रापासून सुमारे तीन किलोमीटर अंतरावर यामाकी कुटुंबाच्या रोपवाटिकेत जपानी पांढऱ्या पाइनचे एक बुटके झाड कुंडीत उभे होते. भोवतालच्या उंच भिंतीने त्याला आडोसा दिला आणि ते वाचले. १६२५ पासून जोपासले गेलेले हे बोन्साय मासारू यामाकी यांनी १९७६ मध्ये, अमेरिकी स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीच्या निमित्ताने, त्या देशाला भेट म्हणून पाठविले. आज ते वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात आहे. ते हिरोशिमातून वाचलेले झाड आहे, ही हकीकत तेथील मंडळींना कळली ती २००१ मध्ये, यामाकींचे नातू ते पाहावयास आले तेव्हा.

एखाद्या बोन्साय पाइनचे मोल कशात असते, हे अशा झाडाकडे पाहिल्यावर उमगते. त्याच्या सुया दर काही वर्षांनी गळतात आणि नव्या येतात. फांदी वाळली तर दहा-पंधरा वर्षांच्या मेहनतीने तिच्या जागी दुसरी घडविता येते. खोड मात्र एका माणसाच्या हयातीत पुन्हा घडत नाही. बुंध्याचा विस्तार, वर जाताना येणारा निमुळतेपणा, भेगाळलेली खडबडीत साल या साऱ्या गोष्टी केवळ काळच देऊ शकतो. म्हणूनच एके दिवशी पाणी घालताना त्या खोडावर एखादी गाठ, फुगवटा किंवा पांढरट थर दिसला की झाड सांभाळणाऱ्याच्या पोटात गोळा येतो.

अशा वेळी दोन चुका हमखास होतात. कोणी घाबरून हाती सुरी घेतो आणि मुळात निरोगी असलेल्या खोडाला कायमची जखम करतो. दुसरा कोणी ‘झाड म्हातारे झाले की असे व्हायचेच’ असे म्हणून दुर्लक्ष करतो आणि रोगाला एक-दोन मोसम आंदण देतो. या दोन्ही चुका टाळावयाच्या तर गाठ का येते, हे आधी समजून घेतले पाहिजे.

सालीखालचा कारखाना

पाइनची बाहेरची जाड साल मृत असते. तिच्या आत जिवंत सालीचा थर असतो आणि त्याच्याही आत, लाकडाला लागून, कॅम्बियम नावाचा अत्यंत पातळ ओलसर थर असतो. खोडाची जाडी वाढविण्याचे सारे काम हाच थर करतो. तो आतील बाजूस लाकूड तयार करतो आणि बाहेरील बाजूस अन्नरस वाहून नेणाऱ्या ऊती. सुयांमध्ये तयार झालेले अन्न या बाहेरच्या ऊतींमधून खाली मुळांकडे जाते.

खोडावरील बहुतेक गाठी म्हणजे या कॅम्बियमने एका जागी केलेले जादा काम होय. अन्नरसाची वाट अडली, जखम झाली, एकाच ठिकाणी अनेक फांद्या जोमाने वाढू लागल्या किंवा एखाद्या बुरशीने पेशींना बेसुमार वाढण्यास भाग पाडले, तर त्या जागी फुगवटा येतो. तेव्हा ‘ही गाठ कशी काढू’ या प्रश्नाआधी ‘येथे जादा काम कशामुळे झाले’ हा प्रश्न विचारावयास हवा.

ज्यांना भिण्याचे कारण नाही

सर्वांत अधिक वेळा आढळणारा फुगवटा म्हणजे जुन्या छाटणीच्या जखमेभोवतीचा कॅलस. फांदी कापली की जखमेच्या कडेने गोलसर ओठासारखी नवी ऊती वाढू लागते आणि हळूहळू मध्याकडे सरकते. ही झाडाने स्वतः केलेली मलमपट्टी आहे. ती गुळगुळीत असते, तिच्या मधोमध जुन्या छाटणीची खूण ओळखू येते आणि ती अतिशय संथपणे वाढते. फांदी कापताना खुंटी शिल्लक राहिली असेल तर मात्र कॅलस तिच्यावरून चढत जाऊन कुरूप टेंगूळ तयार होते. म्हणूनच बोन्सायसाठी किंचित खोलगट काप घेणारे खास कटर वापरतात. काप थोडा आत गेलेला असला की भरून आलेली जखम खोडाशी समपातळीत येते.

दुसरे कारण पाइनच्या स्वभावातच आहे. पाइनच्या फांद्या खोडाभोवती चक्राकार, एकाच पातळीवर फुटतात. चार-पाच फांद्या एकाच ठिकाणी राहू दिल्या तर तेथे खोड गुडघ्यासारखे फुगते. वरचा भाग खालच्यापेक्षा जाड दिसू लागतो आणि निमुळतेपणाचे सौंदर्य नाहीसे होते. येथे रोग काहीच नाही, छाटणी वेळेवर झालेली नाही इतकेच. एका जागी एक किंवा दोन फांद्या ठेवून उरलेल्या लवकर काढून टाकणे, हाच यावरचा उपाय.

तिसरे कारण तारेचे. खोडाला वळण देण्यासाठी गुंडाळलेली तार वाढीच्या मोसमात वेळेवर काढली नाही की ती सालीत रुतते. अन्नरस तिच्यापाशी अडतो आणि तारेच्या दोन्ही बाजूंना पिळासारखे उंचवटे उठतात. फुगवटा तिरकस, नागमोडी रेषेत असेल तर तारेचा संशय घ्यावा. कोवळ्या काळ्या पाइनचे खोड लवकर जाड व्हावे म्हणून काही जाणकार मुद्दाम तार रुतू देतात, ही गोष्ट वेगळी. पूर्ण रुतलेली तार ओढून काढू नये. दिसतात तेवढे तिचे तुकडे कापून काढावेत आणि आत गेलेला भाग तसाच राहू द्यावा. सालीवरील वण पुढे जाड साल धरल्यावर बऱ्याच अंशी झाकले जातात.

जपानी पांढऱ्या पाइनच्या बुंध्याशी आडवी रेषा आणि थोडा फुगवटा असेल, खालची साल खडबडीत आणि वरची गुळगुळीत असेल, तर तो बहुधा कलमाचा सांधा असतो. पांढऱ्या पाइनची मुळे तुलनेने नाजूक असल्याने त्याचे कलम काळ्या पाइनच्या खुंटावर बांधण्याची पद्धत आहे. दोन भिन्न सालींचा हा भेद जन्मभर राहतो.

आणखी एक प्रकार तर चक्क हेवा वाटावा असा. काळ्या पाइनच्या ‘निशिकी’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रकारात कमी वयातच बुचासारखी जाड साल पंखांप्रमाणे बाहेर वाढते. नवख्या माणसाला झाडाला त्वचारोग झाल्याचा भास व्हावा, असे तिचे रूप असते. प्रत्यक्षात हा त्या वाणाचा आनुवंशिक गुण आहे आणि त्यासाठीच त्याची किंमत केली जाते. अशी साल घासून स्वच्छ करणे म्हणजे दागिना वितळविण्यासारखे आहे.

जुन्या खोडावर एकाएकी हिरवे, मऊ, बारीक कोंब दिसले तर ती आनंदाची बातमी समजावी. झाडात जोम आहे आणि पुरेसे ऊन मिळते आहे, याची ती पावती असते. सालीवरचे करडे-हिरवट पापुद्रे म्हणजे बहुधा दगडफूल. आपल्या गोड्या मसाल्यात पडते त्याच्याच कुळातले. ते सालीच्या पृष्ठभागावर वस्ती करते आणि झाडाचा रस शोषत नाही. शेवाळ मात्र खोडावर चढू देऊ नये, कारण ते ओल धरून ठेवते आणि वर्षानुवर्षे जमलेली जुनी साल सैल करून पाडते.

जिचे भय बाळगावे ती गाठ

आता खऱ्या रोगाकडे वळू. जपानमध्ये पाइनवरील गाठीच्या रोगाला ‘कोबुब्यो’ म्हणतात. कोबु म्हणजे गाठ आणि ब्यो म्हणजे रोग. हा एक तांबेरा आहे. गव्हावरचा तांबेरा आपल्या शेतकऱ्याला चांगलाच ठाऊक आहे. पाइनच्या या तांबेऱ्यास कारणीभूत असलेल्या बुरशीचे शास्त्रीय नाव क्रोनार्शियम क्वर्कम. नावातील ‘क्वर्कम’ हा शब्द ओक वृक्षाकडे निर्देश करतो आणि रोगाचे सारे रहस्य तेथेच दडलेले आहे. या बुरशीला आयुष्य पुरे करण्यासाठी दोन यजमान लागतात : पाइन आणि ओक.

वसंत ऋतूत, जपानमध्ये साधारणपणे एप्रिल-मे महिन्यांत, पाइनवरच्या गोल गाठीची साल ठिकठिकाणी उकलते आणि फटींतून पिवळी-नारिंगी भुकटी बाहेर पडते. हे बीजाणू वाऱ्याबरोबर ओकच्या पानांवर जातात. तेथे पानाच्या मागील बाजूस आधी पिवळे ठिपके आणि नंतर केसांसारखे तपकिरी तंतू उगवतात. त्यांवर तयार होणारे दुसऱ्या प्रकारचे बीजाणू उन्हाळ्याच्या अखेरीस आणि शरद ऋतूत पाइनच्या कोवळ्या भागांवर येऊन पडतात. गाठ डोळ्यांना दिसू लागते ती त्यानंतर वर्षभराने किंवा आणखी उशिरा. पुढे ती वर्षानुवर्षे वाढत राहते. गाठीने खोडाला वेढा घातला की वरच्या भागाचा अन्नपाण्याचा पुरवठा खुंटतो आणि तो भाग वाळतो, किंवा वाऱ्याने तेथेच मोडतो.

या जीवनक्रमातून निदानाचे दोन महत्त्वाचे धागे हाती लागतात. एक म्हणजे, संसर्ग कोवळ्या भागाला होतो. त्यामुळे जाड, जुन्या सालीच्या खोडावर तांबेऱ्याची गाठ असेल तर तिचे मूळ बहुधा झाडाच्या बालपणात, म्हणजे रोपवाटिकेच्या दिवसांत असते, किंवा खोडावर फुटलेल्या एखाद्या कोवळ्या कोंबात. दुसरे म्हणजे, या बुरशीचे पाइनवरील बीजाणू शेजारच्या पाइनला थेट बाधा करू शकत नाहीत. मध्ये ओक हवाच.

उत्तर अमेरिकेत मात्र परिस्थिती वेगळी आहे. तेथे आढळणाऱ्या पश्चिमी गाठ-तांबेऱ्याला दुसऱ्या यजमानाची गरजच नसते. त्याचे नारिंगी बीजाणू एका पाइनवरून सरळ दुसऱ्या पाइनवर जातात. तेथील संग्राहकाच्या बागेत एक गाठ उकलली तर त्याच वसंतात बाकीची सर्व झाडे धोक्यात येतात. बाहेरून गाठ सारखीच दिसली तरी धोका कोणाला आणि केव्हा, हे ती कोणत्या बुरशीची आहे यावर ठरते.

सुया मोजा

येथे एक सोपी खूण उपयोगी पडते. पाइनच्या सुया जुडग्यांनी येतात. जपानी काळ्या आणि लाल पाइनच्या जुडग्यात दोन, आपल्या हिमालयातील चिराच्या जुडग्यात तीन, तर जपानी पांढऱ्या पाइनच्या आणि हिमालयातील कैलाच्या जुडग्यात पाच सुया असतात. गोल गाठी आणणारे तांबेरे दोन-तीन सुयांच्या जातींवर येतात. पाच सुयांच्या जातींवर येतो तो निराळा फोड-तांबेरा. त्यात गोल गाठीऐवजी लांबट फुगवटा, सालीवर नारिंगी फोड आणि वाहणारी राळ दिसते.

या फोड-तांबेऱ्याचा दुसरा यजमान म्हणजे करंट आणि गूजबेरीची झुडपे. विसाव्या शतकाच्या आरंभी हा रोग युरोपातून आलेल्या रोपांबरोबर उत्तर अमेरिकेत पोचला आणि तेथील पांढऱ्या पाइनच्या वनांचे त्याने अतोनात नुकसान केले. ते रोखण्यासाठी अमेरिकेच्या संघीय सरकारने करंटच्या लागवडीवर निर्बंध घातले. ते १९६६ पर्यंत टिकले. चिरावरही एक तांबेरा येतो. त्याचा दुसरा यजमान म्हणजे किराईत, अर्थात चिरायत्याच्या कुळातील वनस्पती. प्रत्येक तांबेऱ्याचे गोत्र असे वेगवेगळे आहे.

पांढरे, चिकट आणि भुशासारखे

गाठीखेरीज आणखी तीन गोष्टी खोडावर लक्ष वेधून घेतात. सालीच्या फटींत आणि सुयांच्या तळाशी कापसासारखे पांढरे पुंजके दिसले तर ती पाइनवरची मावावर्गीय लोकरी कीड असण्याचा संभव मोठा. काडीने पुंजका बाजूला केल्यास आत बारीक काळपट कीटक आढळतात. मऊ ब्रशने ते झाडून काढावेत आणि पाण्याचा जोराचा फवारा द्यावा, एवढ्यानेही बरीच कीड आटोक्यात येते. तेलयुक्त कीटकनाशकांचा वापर जपून करावा, कारण सुयांवरची मेणासारखी निळसर झाक त्यामुळे जाते. कुंडीतल्या मातीत, मुळांभोवती दिसणारे पांढरे धागे मात्र पुसून टाकू नयेत. ती मायकोरायझा नावाची उपकारक बुरशी असते आणि पाइनच्या मुळांना पाणी व क्षार मिळवून देते.

राळ हे पाइनचे संरक्षक अस्त्र आहे. जखमेवर तिचे स्वच्छ थेंब जमणे स्वाभाविक होय. त्या राळेत लाकडाचा भुसा मिसळलेला दिसला, किंवा राळेच्या गोळ्याच्या मध्यभागी छिद्र असले, तर आत खोड पोखरणारी अळी किंवा भुंगेरा आहे असे समजावे. खोडातून छत्रीसारखी किंवा कपाटाच्या फळीसारखी बुरशी बाहेर आली असेल, तर आतले लाकूड आधीच कुजलेले असते. बाहेरची बुरशी काढून टाकल्याने आतली कूज थांबत नाही.

निदान पायरीपायरीने

प्रथम छायाचित्र घ्यावे आणि गाठीभोवती दोरा गुंडाळून तिचा घेर तारखेसह लिहून ठेवावा. तारेचे वण आणि कॅलस महिनोन्‌महिने जवळजवळ आहे तसे राहतात. रोगाची गाठ प्रत्येक वाढीच्या मोसमात पुढे सरकते.

नंतर जागा पाहावी. जुन्या छाटणीच्या खुणेवर, फांद्यांच्या चक्रावर, तारेच्या रेषेत किंवा बुंध्याशी कलमाच्या जागी असलेला फुगवटा बहुधा निरुपद्रवी ठरतो. यांपैकी कशाशीही संबंध नसलेली गोल गाठ संशयास्पद मानावी.

त्यानंतर ऋतूची वाट पाहावी. वसंतात गाठीची साल उकलून पिवळी-नारिंगी भुकटी निघाली तर तांबेऱ्याचे निदान जवळजवळ निश्चित होते. पांढऱ्या कागदावर गाठ हलकेच झटकली की भुकटी दिसते. मात्र संशय बळकट असेल तर झाड तोपर्यंत इतर पाइनपासून दूर ठेवावे आणि गाठीवर सच्छिद्र कागदी पिशवी बांधावी. शेवटी शंका उरलीच, तर छायाचित्रे आणि गाठीचा छोटा नमुना जवळच्या कृषी विद्यापीठाच्या वनस्पतिरोगशास्त्र विभागास दाखवावा. सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणू ओळखणे तज्ज्ञांना अवघड नसते.

शस्त्रक्रिया केव्हा आणि किती

तांबेऱ्याची गाठ एकदा तयार झाली की ती बरी करणारे औषध नाही. मॅन्कोझेबसारखी बुरशीनाशके नवा संसर्ग होऊ नये म्हणून उपयोगी पडतात आणि तीही बीजाणू पाइनवर येण्याच्या काळात, वेष्टनावरील सूचनेप्रमाणे फवारली तरच. गाठीवर वारंवार फवारणी करीत राहणे म्हणजे वेळ दवडणे होय.

गाठ फांदीवर असेल तर निर्णय सोपा आहे. वसंतापूर्वी, झाड विश्रांती घेत असताना, गाठीच्या खाली काही सेंटिमीटर निरोगी भाग सोडून फांदी कापावी. हत्यारे प्रत्येक कापानंतर स्पिरिटने पुसावीत आणि कापलेला भाग जाळावा किंवा बंद पिशवीत घालून टाकावा.

खरा पेच खोडावरच्या गाठीचा. ती घेराच्या निम्म्याहून कमी भागावर असेल तर झाड वाचविण्यास वाव असतो. तांबेऱ्याची बुरशी केवळ जिवंत पेशींवर जगते. त्यामुळे गाठीवरील आणि तिच्या कडेची जिवंत साल कॅम्बियमसह लाकडापर्यंत खरवडून काढली की तेथे तिचा निर्वाह होत नाही. उघडे पडलेले लाकूड लपविण्याचे कारण नाही. वीज किंवा हिमवादळ सोसलेल्या डोंगरी झाडांवर अशी सुकलेली, पांढरी पडलेली पट्टी दिसते आणि बोन्सायकलेत तिला ‘शारी’ या नावाने मानाचे स्थान आहे. रोगाने केलेली जखम अशा रीतीने झाडाच्या चरित्राचा भाग होते. त्या वर्षी मात्र कुंडी बदलणे, नवी तार घालणे किंवा कोंब खुडणे टाळावे. झाडाची सारी शक्ती जखमेच्या कडा बांधण्यासाठी राखून ठेवली पाहिजे.

गाठीने खोड पूर्ण वेढले असेल तर मन घट्ट करावे लागते. गाठीखाली जिवंत फांदी असेल तर तिलाच नवा शेंडा करून वरचा भाग कापता येतो. तसे नसेल आणि संग्रहात इतर पाइन असतील, तर ते एक झाड नष्ट करणेच शहाणपणाचे ठरते.

आपल्या अंगणात

महाराष्ट्रातील बोन्सायप्रेमींसाठी या साऱ्यात दिलाशाचा भाग मोठा आहे. ओक हा द्वीपकल्पीय भारतातील नैसर्गिक वृक्ष नव्हे, त्याचे घर हिमालयात आणि ईशान्येकडे आहे. त्यामुळे पुण्या-मुंबईत ओकवर अवलंबून असलेल्या तांबेऱ्याचे चक्र पुरे होण्याची शक्यता फार थोडी. येथील गच्चीवरच्या पाइनला गाठ आली तर आधी तार, छाटणी आणि फांद्यांचे चक्र तपासावे. मात्र हिमालयातील रोपवाटिकेतून आणलेले किंवा परदेशातून आलेले झाड आपला रोग सोबत आणू शकते, कारण गाठ दिसण्यापूर्वी बुरशी आत दीर्घकाळ दडून राहते.

याच कारणास्तव युरोपीय संघाने २००२ मध्ये जपानी बोन्साय पाइनच्या आयातीस सवलत दिली, ती झाडे किमान दोन वर्षे नोंदणीकृत रोपवाटिकेत ठेवून वर्षातून सहा वेळा तपासण्याच्या अटीवर. आपल्याकडेही २००३ च्या वनस्पती विलग्नवास आदेशानुसार परदेशी रोपे परवान्याविना आणि तपासणीविना आणता येत नाहीत. सामानात लपवून आणलेले एखादे देखणे रोप सगळ्या संग्रहाला महागात पडू शकते. नवे झाड निदान एक पूर्ण वर्ष, एक वसंत उलटेपर्यंत, बाकीच्या झाडांपासून दूर ठेवावे.

यामाकींच्या पाइनने जवळपास चार शतके पाहिली. त्या काळात त्याच्या खोडावरून कितीतरी हात फिरले असतील. त्या हातांनी केव्हा कापायचे हे जसे जाणले, तसेच केव्हा हात आवरायचा हेही जाणले असले पाहिजे. खोडावर गाठ दिसली की आधी वही आणि दोरा घ्यावा. सुरीची वेळ आलीच, तर ती निदानानंतर येऊ द्यावी.